श्रीमंतीचे मोल

गोंदियाहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी आमगाव आणि सालेकसा ही स्थानके मागे टाकून डोंगराच्या कुशीत शिरते आणि थोड्याच वेळात दरेकसा हे लहानसे स्थानक लागते. पुढे प्रसिद्ध बोगदा, आणि त्यापलीकडे छत्तीसगडचा मुलूख. जवळच कचारगडच्या विशाल गुहा आहेत. माघ पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा तेथे भरते. पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहावयास दूरदूरची मंडळी येतात. एरवी रान, धानाच्या बांध्या, आणि गाडी निघून गेल्यावर पुन्हा पसरणारी शांतता, एवढेच येथील वैभव.

अशा ठिकाणी श्रीमंतीचा विचार करावयाचा, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु शहरात श्रीमंतीचे प्रकार इतके असतात की त्यांचे मोजमाप करताना दृष्टी दिपून जाते. रानातल्या गावात तसे होत नाही. तेथे कोणाच्या घरी दिवा रात्री उशिरापर्यंत जळतो आणि त्या दिव्यात तेल घालणारा हात कोणाचा असतो, हे एका दृष्टिक्षेपात कळते.

घरात वर्षाकाठी किती रुपये आले म्हणजे श्रीमंतीने राहता येते, हा प्रश्न फार जुना आहे. गंमत अशी की, कोणासही तो विचारला तर उत्तर बहुधा स्वतःच्या उत्पन्नाच्या दुप्पट येते. मराठी भाषेने मात्र या बाबतीत पुष्कळ बारकाई दाखविली आहे. खाऊनपिऊन सुखी असलेले घर निराळे, सुखवस्तू घर निराळे, सधन निराळे आणि गर्भश्रीमंत त्याहून निराळे. ‘लखपती’ या शब्दात आकडा आहे, पण तो उत्पन्नाचा नव्हे, संचयाचा आहे. आणि ‘श्रीमंत’ हा शब्द तर पेशव्यांच्या नावामागे किताब म्हणून लागे. त्यात रुपयांचा हिशेब नव्हता, मानमरातब होता. म्हणजे श्रीमंती ही नुसती रकमेची गोष्ट नाही, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते.

दरेकसा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ पूर्वी हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. इंग्रजी अमलात हा भाग मध्यप्रांतात होता. जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानमुलखात जमीनदाऱ्या होत्या. त्यांचे जमीनदार सरकारला टकोली भरीत. इतर गावांत मालगुजार असत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात जी जमाबंदी झाली, तिने मालगुजारास गावाचा मालक ठरविले. रयतेकडून खंड वसूल करावा, त्यातील ठरलेला हिस्सा सरकारात भरावा आणि उरलेला आपल्या घरी न्यावा, अशी ती व्यवस्था होती. याशिवाय त्याची स्वतःची सीर जमीन असे, आणि तिच्यातील धान थेट त्याच्या कोठारात जाई.

या मालगुजाराच्या वाड्यातील श्रीमंती कशात होती? आजच्या शहरी घरातील एखाद्या मुलाने तो वाडा पाहिला असता, तर त्याची निराशाच झाली असती. विजेचा दिवा नाही, नळ नाही, पंखा असलाच तर दोरीने ओढावयाचा. वस्तू अशा फारच थोड्या. परंतु माणसे भरपूर! पाणी भरणारा एक, गुरे राखणारा दुसरा, नांगरास जुंपलेले सालदार, दळण-कांडण करणाऱ्या बायका, घोड्यामागे धावणारा गडी आणि निरोप घेऊन जाणारा आणखी एक. सालदारास वर्षाचे ठराविक धान मिळे, आणि काही कामे तर बेगारीवर, म्हणजे फुकटच होत. वस्तूंच्या अभावी जी जी अडचण उभी राही, ती ती दुसऱ्याच्या अंगमेहनतीने दूर केली जाई. हीच त्या काळची श्रीमंती.

आता रुपयांकडे वळावे. सन १८५७ च्या उठावानंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. ती भरण्यासाठी १८६० मध्ये जेम्स विल्सन या अर्थसचिवाने हिंदुस्थानात प्राप्तीवरील कर प्रथम आणला. वर्षाला २०० रुपयांहून कमी मिळविणारास त्यातून सूट होती. पुढे १८८६ च्या कायद्याने ही मर्यादा ५०० रुपये केली. आणि शेतीचे उत्पन्न करातून वगळले, ते आजतागायत केंद्राच्या प्राप्तिकरातून वगळलेलेच आहे. पाचशे रुपये ही रक्कम आज ऐकावयास क्षुल्लक वाटते. परंतु दादाभाई नौरोजी यांनी १८७० च्या सुमारास हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले होते, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे वजन कळते. त्या हिशेबाने पाच माणसांच्या साधारण घराचे वर्षाचे उत्पन्न १०० रुपये होते. ज्याच्या दारी कर मागणारा कारकून येई, त्याच्या घरात अशा पाच घरांचे उत्पन्न येत असे.

त्याच शतकाच्या अखेरचा एखादा लखपती घ्या. सरकारी रोख्यांवर तेव्हा साडेतीन टक्के व्याज मिळे. एक लाख रुपये रोख्यांत गुंतविणाऱ्या गृहस्थास वर्षाकाठी ३,५०० रुपये, म्हणजे महिन्यास सुमारे २९० रुपये पडत. त्यावर कर रुपयामागे ५ पै, म्हणजे वर्षाचे ९१ रुपये. दादाभाईंच्या अंकाशी ताडून पाहिले तर, मधल्या वर्षांचे अंतर सोडूनही, हे ३५ घरांचे उत्पन्न झाले. आपला लखपती खरोखरच लखपती होता!

या ३,५०० रुपयांची आज किंमत किती? पुष्कळ लोक अशा वेळी सोन्याचा काटा हाती घेतात. त्या काळी एक गिनी १५ रुपयांस मिळे व तिच्यात सव्वासात ग्रॅमहून किंचित अधिक शुद्ध सोने असे. म्हणजे त्या गृहस्थाचे वार्षिक उत्पन्न सुमारे १ किलो ७०० ग्रॅम सोन्याइतके होते. सन २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडली. तो भाव धरला तर हे उत्पन्न १ कोटी ७० लाखांच्या घरात जाते. पण याच काट्याने प्राप्तिकराची ५०० रुपयांची मर्यादाही २४ लाखांवर जाऊन बसते! तेव्हा केवळ सोन्याच्या काट्यावर विसंबून चालत नाही. सोने खाता येत नाही आणि ते पाणीही भरीत नाही.

याहून खरा काटा मजुरीचा आहे. वाड्यातील माणसांपैकी दहाच माणसे धरू. सन २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसास ३१२ रुपये ठरला होता. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका माणसाचे ९३,६०० रुपये होतात आणि दहांचे ९ लाख ३६ हजार. हा तर कमीत कमी दर. यात वाड्याची डागडुजी नाही, लग्नकार्य नाही, घोड्याचा दाणावैरणही नाही. मालगुजारास हीच दहा माणसे काही खंडी धानावर वर्षभर राबविता येत. म्हणजे त्याची श्रीमंती मोठी वाटे, याचे एक कारण त्याचे उत्पन्न मोठे होते; परंतु त्याहून मोठे कारण हे की, त्याच्या शेजाऱ्याची मजुरी अत्यंत लहान होती. जेथे मनुष्य स्वस्त, तेथे श्रीमंती स्वस्त.

या स्वस्ताईचे भीषण रूप दुष्काळात दिसले. सन १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत होरपळून निघाला. आगगाडी तोवर या डोंगरातून जाऊ लागली होती. तिने धानाला दूरचा बाजार दिला आणि धान रुपयांत मोजले जाऊ लागले. ज्याच्या कोठारात साठा, त्याला चढा भाव मिळाला. ज्याच्या ढोलीचा तळ दिसू लागला, त्याने रानातल्या मोहफुलांवर आणि कंदमुळांवर दिवस काढले किंवा दिढी-दुपटीच्या बोलीने बियाणे उसने घेतले. अशा वर्षी श्रीमंत कोण, हे सांगावयास प्राप्तिकराचा कारकून लागत नसे.

तथापि त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत सहा हजारांहून अधिक जुने तलाव आहेत. त्यांस आजही मालगुजारी तलावच म्हणतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. तलावाची पाळ राखणे, गाळ काढणे, पाण्याची वाटणी करणे, ही कामे गाव आणि मालगुजार मिळून पाहात. स्वतःच्या सिरीला पाणी हवे, म्हणून का होईना, मालगुजाराला तलावाची काळजी वाहावी लागे. आणि त्याच पाण्यावर गरिबाची बांधीही पिके. या श्रीमंतीस कर्तव्याचे थोडेसे बंधन होते, एवढे तिच्या पदरी घालावे लागेल.

पुढे १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा मध्यप्रदेशात झाला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी व जमीनदारी संपली. घरची शेती राहिली, पण गाव गेले, खंड गेला, बेगार गेली आणि तलाव सरकारकडे आले. अनेक वाड्यांची स्थिती ‘बडा घर पोकळ वासा’ अशी झाली. एका रात्रीत जमीन नाहीशी झाली नव्हती. नाहीसा झाला होता तो दुसऱ्याच्या श्रमावरील हक्क. त्याबरोबर श्रीमंतीही ओसरली, यावरून ती कशावर उभी होती हे उघड होते. दुर्दैव असे की, हक्काबरोबर कर्तव्यही गेले आणि पुष्कळ तलाव गाळाने भरत राहिले.

आणि आज? सरकारने श्रीमंतांची रेषा वेळोवेळी निरनिराळी आखली. सन १९७३-७४ मध्ये २ लाखांवरील उत्पन्नास शेकडा ९७.७५ इतका कर होता. म्हणजे त्यापलीकडच्या रुपयातले सव्वादोन पैसेच मालकाच्या हाती उरत. पुढे २०१७ पासून ५० लाखांवरील उत्पन्नास अधिभार लागू झाला. उलट २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच ठेवला नाही. केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये घरगुती खर्चाची जी पाहणी केली, तीत शहरांतील सर्वांत अधिक खर्च करणाऱ्या शेकडा पाच लोकांचा माणशी मासिक खर्च सरासरी २०,८२४ रुपये आढळला. खेड्यांत तो १०,५०१ रुपये होता. पाच माणसांच्या शहरी घराचा हा वर्षाचा खर्च साडेबारा लाख होतो आणि खेड्यातल्या घराचा ६ लाख ३० हजार. खेड्यातील तळच्या शेकडा पाच लोकांचा मासिक खर्च मात्र माणशी १,३७३ रुपयेच होता.

तेव्हा ज्यांना आकडाच हवा, त्यांना तो असा सांगता येईल : शहरात वर्षाला साडेबारा लाख खर्चणारे घर सुखवस्तूंच्या वरच्या पंक्तीस बसते, आणि ५० लाखांच्या पुढे सरकारही त्यास श्रीमंत समजते. दरेकशासारख्या गावी याच्या निम्म्यात तीच पंक्ती मिळते.

पण या साडेबारा लाखांच्या घरात मालगुजाराची दहा माणसे ठेवू म्हटले, तर चारातले तीन हिस्से त्यांच्या वेतनातच संपतील. म्हणून त्या घरात माणसांऐवजी यंत्रे आली. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. रोगराईने वाड्यातली मुलेही दगावत, आणि पेनिसिलीन त्या मालगुजारास कितीही रुपये मोजून मिळाले नसते. ते औषध आज सालदाराच्या नातवासही मिळू शकते. शेजाऱ्याची मजुरी वाढल्यामुळे ज्या श्रीमंतीला उतरती कळा लागते, ती लयास गेली तर समाजाचे काहीच बिघडत नाही.

आपण श्रीमंत आहो की नाही हे ज्या गृहस्थास पाहावयाचे असेल, त्याने आपल्या उत्पन्नाचा आकडा अवश्य मांडावा. परंतु त्याच कागदावर आपल्या घरी भांडी घासणारीचा, मोटार हाकणाऱ्याचा व धान्य पिकविणाऱ्याचा आकडाही मांडावा. दोहोंतील अंतर हे त्याच्या ऐश्वर्याचे माप खरेच, पण ते त्याच्या जबाबदारीचेही माप आहे. धानाच्या या मुलखात कित्येक वाडे पडले आणि त्यांतील घोडे, पंखे व गडी यांची आठवणही पुसली. तलाव मात्र अजून आहेत. ज्या वर्षी त्यांतला गाळ निघतो, त्या वर्षी बांधी पिकते, मग ती कोणाची का असेना.