जमाखर्चाची भाषा

बँकेत पैसे भरायची मराठी चिठ्ठी घ्या. वर 'दिनांक', त्याखाली 'खाते क्रमांक', मग 'रक्कम' आणि तळाला 'जमा करणाऱ्याची सही'. 'दिनांक' आणि 'क्रमांक' हे शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झाले. त्याआधी लोक तारीख आणि नंबर लिहीत. पण रक्कम, जमा आणि सही हे तिन्ही शब्द जागचे हलले नाहीत. तिन्ही मूळचे अरबी, फार्सीच्या वाटेने मराठीत आलेले. एवढ्या चळवळी झाल्या, राज्ये गेली, तरी पैशाचे शब्द का टिकले, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

त्याचे उत्तर कुलकर्ण्याच्या दप्तरात सापडते. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. पुढे त्यातून अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही अशी राज्ये निघाली. दरबाराचे कागद फार्सीत चालत, पण गावचा हिशेब कुलकर्णी मराठीत, मोडी लिपीत ठेवी. शेतसारा किती ठरला, किती वसूल झाला, किती बाकी राहिला, हे दरसाल वर कळवावे लागे. लिहिणारा मराठी आणि मागणारा फार्सी, म्हणून हिशेबाचे रकाने फार्सी नावांचे झाले. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की पहिल्या इब्राहीम आदिलशहाने (१५३४ ते १५५८) राज्याचे हिशेब फार्सीऐवजी 'हिंदवी'त, म्हणजे इथल्या भाषेत, ठेवायला सांगितले आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे दिले. भाषा इथली झाली, पण रकान्यांची नावे तीच राहिली. फडणीस, चिटणीस, पोतनीस ही आडनावे त्याच कचेऱ्यांची आठवण आहेत. त्यांतला 'नीस' म्हणजे फार्सीतला 'नवीस', लिहिणारा.

हे शब्द कोणी बळजबरीने तोंडात कोंबले नव्हते. कामासोबत आले. आज भाजीवाली मावशी 'स्कॅन करा' म्हणते, तिला इंग्रजी कोणी शिकवली? व्यवहार जिथून येतो तिथले शब्द सोबत आणतो. पोर्तुगीज आले तसे 'पगार' आणि 'लिलाव' आले. इंग्रज आले, 'बँक' आली. 'व्याज' मात्र संस्कृतातले. आपण महिन्याला कर्जाचा हप्ता भरतो, पण 'हफ्ता' म्हणजे फार्सीत आठवडा. शाळेत शिकवली जाणारी 'वजाबाकी' तर दोन्ही पायांनी अरबी आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. दरबारात आणि कचेरीत चालणाऱ्या फार्सी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. काही लोक आज या कोशाचा दाखला देऊन 'बघा, महाराजांनीच तुमची भाषा हाकलली' असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी असते आणि रयतेला कळेल असा कारभार करणे हे राजाचे कामच आहे. त्याचा परिणामही झाला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या वर्षांचे मराठी कागद ताडून पाहिले, तेव्हा फार्सी शब्द टप्प्याटप्प्याने कमी होत गेलेले दिसले. पण जिभेवरचे शब्द राजाज्ञेने जात नाहीत. राज्याचा प्रधान पुढेही 'पेशवा'च राहिला आणि पेशव्यांच्या दप्तरातही जमा, खर्च, बाकी, वसूल चालूच राहिले.

माधव ज्यूलियन यांची गोष्ट तर आणखी विचार करायला लावणारी. ते पुण्यात फार्सी शिकवत. मराठीत गझल रुजवली ती त्यांनी. १९२५ मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश निघाला. पुढे हेच गृहस्थ भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. तरीही मराठीतल्या फार्सी शब्दांचा माग काढायचा तर आजही त्यांचाच कोश उघडावा लागतो.

शब्द नुसते टिकत नाहीत, ते बदलतातही. 'जकात' हा आमच्या धर्मातला शब्द. ठरावीक मर्यादेहून जास्त संपत्ती वर्षभर जवळ राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंना देणे फर्ज आहे. मूळ अर्थ शुद्धी आणि वाढ. मराठीत मात्र जकात म्हणजे नाक्यावर ट्रक अडवून घेतलेला कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली, तरी त्या जागांना लोक अजून जकात नाकाच म्हणतात. देवाणघेवाण एका बाजूनेही झाली नाही. दखनी बोलणारा 'मैंच आया', 'वहींच था' म्हणतो, त्यातला 'च' खास मराठी आहे. लखनौच्या माणसाला तो ऐकून हसू येते, पण आम्हाला त्याशिवाय ठासून बोलताच येत नाही.

हे सगळे आज लिहायचे कारण पातूर. अकोला जिल्ह्यातल्या या गावच्या नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव होते. ते काढावे म्हणून वाद उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १५ एप्रिल २०२५ ला निकाल लागला. मराठी असताना सोबत उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू याच मातीतली आहे, असा त्याचा आशय. न्यायालयांच्या रोजच्या कामकाजात किती उर्दू शब्द आहेत, याचीही आठवण न्यायमूर्तींनी करून दिली.

निकाल चांगला लागला. पण फलकावरच्या एका ओळीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ही गोष्ट मनाला लागते. मी दोन्ही भाषा शिकवतो. उर्दू माध्यमाच्या काही मुलांना मराठी 'त्यांची' भाषा वाटते. बाहेर काही मराठी माणसांना उर्दू 'यांची' वाटते. दोन्हीकडचा गैरसमज एकच आहे. म्हणून सहामाहीच्या सुरुवातीला मी फळ्यावर एका दुकानदाराचा जमाखर्च मांडतो. जमा, खर्च, उधारी, नफा, तोटा, बाकी. मग मुलांना सांगतो, यातले उर्दू शब्द कोणते आणि मराठी कोणते ते वेगळे करा. मुले भराभर 'नफा', 'बाकी' उर्दूच्या रकान्यात टाकतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, 'सर, पण हे तर मराठीच्या पुस्तकातही आहेत.' तिथून पुढचा तास त्या वर्गाला मराठीची भीती वाटत नाही.