रेबीज : कवटीआड दडलेले निदान

रेबीज हा मानवाला ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत घातक मेंदूविकारांपैकी एक आहे. लक्षणे प्रकट झाल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, तर लक्षणांपूर्वी योग्य उपचार मिळाल्यास तो जवळजवळ नेहमीच टाळता येतो. या दोन टोकांच्या मध्ये काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंतचा काळ असतो आणि रुग्णाचे भवितव्य त्याच काळात ठरते. या रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्याचा निर्णायक पुरावा मेंदूत असतो आणि मेंदू कवटीत बंदिस्त असतो. त्यामुळे माणूस असो वा जनावर, खात्रीशीर निदान बहुधा मृत्यूनंतरच होते आणि अनेकदा तेही होत नाही.

चाव्यापासून मेंदूपर्यंत

रेबीजचा विषाणू ‘लिसाव्हायरस’ या प्रजातीतील असून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो. बाधित प्राण्याच्या लाळेतून तो जखमेत शिरतो. स्नायू आणि चेतातंतू जेथे एकत्र येतात, तेथे तो चेतातंतूच्या टोकात प्रवेश करतो आणि पेशीच्या स्वतःच्या वाहतूक यंत्रणेचा आधार घेत मज्जारज्जूकडे व पुढे मेंदूकडे सरकतो. या प्रवासात तो रक्तात फारसा आढळत नाही. त्यामुळे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला त्याची चाहूल उशिरा लागते.

चाव्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ सामान्यतः दोन ते तीन महिन्यांचा असतो. मात्र तो एका आठवड्याइतका कमी किंवा वर्षभराइतका दीर्घही असू शकतो. चेहरा, मान किंवा डोक्याला झालेला चावा अधिक धोकादायक मानला जातो, कारण तेथून मेंदूपर्यंतचे अंतर कमी असते. उंची कमी असल्यामुळे लहान मुलांना अशा जखमा होण्याची शक्यता अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संशयित प्राण्याने चावलेल्या व्यक्तींपैकी सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालील मुले असतात.

मेंदूत पोहोचल्यावर विषाणूची झपाट्याने वाढ होते. आश्चर्याची बाब म्हणजे, रोगाची भीषणता लक्षात घेता चेतापेशींचा प्रत्यक्ष नाश तुलनेने कमी दिसतो. पेशी जिवंत असतात, पण त्यांचे कार्य कोलमडलेले असते. त्यानंतर विषाणू चेतातंतूंवाटे उलट दिशेने लाळग्रंथींकडे जातो आणि नव्या चाव्यासाठी सज्ज होतो.

दोन रूपे, एक शेवट

माणसांमध्ये सुमारे 80 टक्के रुग्णांत रोगाचे उग्र रूप दिसते. अस्वस्थता, भ्रम, पाणी गिळताना घशाचे वेदनादायक आचके आणि वाऱ्याच्या झुळुकीनेही उद्भवणारी भीती ही त्याची लक्षणे होत. पाण्याच्या या भीतीला मराठीत जलसंत्रास म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही पिसाळलेल्या प्राण्यांचे विष आणि जलत्रास यांचे वर्णन आढळते. उर्वरित सुमारे 20 टक्के रुग्णांत पक्षाघाताचे रूप दिसते. त्यात हातपाय हळूहळू लुळे पडतात, जलसंत्रास दिसेलच असे नसते आणि हा आजार गियाँ-बारे सिंड्रोमसारख्या अन्य चेताविकारांशी मिळताजुळता वाटतो. रेबीजचे मृत्यू नोंदींतून निसटतात, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

जनावरांतही अशीच गफलत होते. पिसाळलेला कुत्रा आक्रमकच असेल असे नाही. तो सुस्त, कोपऱ्यात दडलेला आणि जबडा लोंबकळलेलाही असू शकतो. गाय किंवा म्हैस बाधित झाल्यास घशाचे स्नायू लुळे पडून लाळ गळू लागते व चारा गिळता येत नाही. घशात काहीतरी अडकले असावे, या समजुतीने पशुपालक अनेकदा तिच्या तोंडात हात घालतात. हातावर ओरखडा किंवा जखम असेल तर लाळेतील विषाणूला तेथेच वाट मिळते. अशा प्रसंगी हातमोज्यांविना तपासणी न करता पशुवैद्यकास बोलावणे, हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

निदानाचा शोध

1903 मध्ये इटलीतील पाव्हिया येथे अडेल्की नेग्री यांना बाधित प्राण्यांच्या चेतापेशींमध्ये विशिष्ट गोलाकार कण आढळले. हे एकपेशीय परजीवी असावेत, असा त्यांचा समज होता. तो पुढे चुकीचा ठरला, पण हे ‘नेग्री कण’ अनेक दशके रेबीजच्या निदानाची प्रमुख खूण राहिले. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आणि लहान मेंदूतील पुरकिंये पेशी यांत ते विशेषत्वाने दिसतात. तथापि, प्रत्येक बाधित मेंदूत ते सापडत नाहीत. त्यामुळे ते न आढळल्यास रोग नाही, असे म्हणता येत नाही.

1950 च्या दशकाच्या अखेरीस प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी विकसित झाली आणि निदानाला भक्कम आधार मिळाला. मेंदूच्या ऊतीवर चमकणाऱ्या रंगाने चिन्हांकित केलेली प्रतिपिंडे टाकली जातात. विषाणू असल्यास विशेष सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसते. या चाचणीसाठी मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू यांचे नमुने सर्वाधिक महत्त्वाचे मानले जातात. अलीकडे साध्या सूक्ष्मदर्शकावर करता येणारी जलद चाचणीही उपलब्ध झाली असून जिल्हा पातळीवरील प्रयोगशाळांना तिचा उपयोग होऊ शकतो.

खरी अडचण त्याआधीची असते. मृत कुत्र्याची कवटी करवतीने उघडण्यासाठी शवविच्छेदनाची सोय, प्रशिक्षित व लसीकरण झालेले कर्मचारी आणि संरक्षक साधने लागतात. यावर एक सोपी पद्धत वापरली जाते. कवटीच्या मागील बाजूस, मज्जारज्जू जेथून बाहेर पडतो, त्या मोठ्या छिद्रातून प्लॅस्टिकची नळी आत सरकवून मेंदूचा नमुना घेतला जातो. त्यामुळे कवटी फोडावी लागत नाही, वेळ वाचतो आणि कर्मचाऱ्यांचा धोका कमी होतो. नमुना बर्फात ठेवून त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवणे मात्र आवश्यक असते. उष्ण हवामानात ऊती लवकर कुजतात आणि अशा नमुन्याचा नकारात्मक निष्कर्ष विश्वासार्ह राहत नाही.

जिवंत रुग्णात लाळ, मानेच्या मागील केसाळ त्वचेचा तुकडा आणि मेंदू-मज्जारज्जूतील द्रव यांची तपासणी केली जाते. विषाणू लाळेत सतत उतरत नसल्याने नमुने वारंवार घ्यावे लागतात. बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था अर्थात ‘निमहान्स’ ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख संस्था आहे.

लस आणि तिची किंमत

6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचण्यात आली आणि तो वाचला. ती लस सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. पुढे 1911 मध्ये हिमाचल प्रदेशातील कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. पोटात टोचली जाणारी ‘चौदा इंजेक्शने’ म्हणून ती भारतीयांच्या कित्येक पिढ्यांच्या स्मरणात राहिली.

मेंदूच्या ऊतींपासून बनलेल्या या लसीत चेतातंतूंवरील आवरणाचे घटक असत. काही व्यक्तींत रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना परके समजून स्वतःच्याच मेंदूवर हल्ला करी आणि पक्षाघात उद्भवे. या दुष्परिणामांचा शोध घेताना 1930 च्या दशकात अमेरिकेत थॉमस रिव्हर्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून मेंदूदाहाचे एक प्रारूप पुढे आले. मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराच्या संशोधनात ते आजही वापरले जाते. भारतात सेंपल लसीचा वापर 2005 च्या सुमारास पूर्णतः थांबला आणि पेशीसंवर्धनावर आधारित सुरक्षित लशींनी तिची जागा घेतली. आता दंडात पाच किंवा त्वचेत चार भेटींत लस देण्यात येते.

आकडे आणि वास्तव

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 15 राज्यांतील 60 जिल्ह्यांत झालेल्या सर्वेक्षणानुसार, देशात दरवर्षी प्राणी चावण्याच्या सुमारे 91 लाख घटना घडतात आणि रेबीजने सुमारे 5,700 मृत्यू होतात, असा अंदाज आहे. चावा घेतलेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश व्यक्तींनी लसच घेतली नसल्याचे त्यात आढळले. यापूर्वीचे अंदाज 18,000 ते 20,000 मृत्यूंचे होते. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी क्वचितच होत असल्याने आकडे अंदाजांवरच अवलंबून राहतात.

28 सप्टेंबर 2021 रोजी, जागतिक रेबीज दिनी, केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. कुत्र्यांमुळे होणारे मानवी मृत्यू 2030 पर्यंत शून्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी किमान 70 टक्के कुत्र्यांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. गोव्याने हे साध्य होऊ शकते, हे दाखवून दिले. राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, शाळांतील जनजागृती आणि संशयित कुत्र्यांच्या मेंदूची तपासणी यांची सांगड घातली. कुत्र्यांतील रेबीज 92 टक्क्यांनी घटल्याचे आणि मानवी मृत्यू थांबल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे.

चावा झाल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग 15 मिनिटे धुणे, हा पहिला आणि अत्यंत परिणामकारक उपाय आहे. त्यानंतर जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट किंवा तेल लावू नये. त्याने जखम चिघळते आणि बहुमोल वेळ वाया जातो. शक्यतो टाके घालणे टाळावे. त्वचा भेदून रक्त आले असल्यास लसीबरोबरच जखमेत आणि तिच्या भोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शन देणे आवश्यक असते, कारण लसीचा परिणाम सुरू होण्यास काही दिवस लागतात. चावणाऱ्या कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, मात्र त्या निरीक्षणाची वाट पाहत लस लांबवू नये. प्राणी मेल्यास त्याचे शव परस्पर न पुरता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. त्याच्या मेंदूच्या तपासणीतून परिसरात रेबीज आहे की नाही हे कळते आणि त्याने चावलेल्या इतर माणसांचा व जनावरांचा शोध वेळेत घेता येतो.