जामबागेतील शाळा आणि संकेतस्थळाचे दार

हैदराबादच्या जामबागेत विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्था आजही उभी आहे. केशवराव कोरटकर आदी मंडळींच्या पुढाकाराने तिची पाठशाळा १९०७ साली सुरू झाली. त्या वेळी निजामाच्या राज्यातील मराठवाड्याचे पाच जिल्हे मराठी बोलत होते; राज्यकारभाराची भाषा मात्र निराळी होती. १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली होती आणि पुढे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच ठरले. अशा राज्याच्या राजधानीत मराठी मुलाला स्वतःच्या भाषेतून आत येता येईल असे एक दार या संस्थेने उघडले. तिचे ऐतिहासिक मोल आम्ही यातच मानतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर, गुलबर्गा व रायचूर म्हैसूरकडे गेले आणि जामबाग आंध्र प्रदेशात राहिली. भाषेचा हक्क भूमीशी बांधला गेला. सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी माणसाच्या वाट्याला 'भाषिक अल्पसंख्याक' ही संज्ञा आली. तेव्हापासून आपले सारे झगडे फलक, अर्ज, शाळा आणि सातबारा यांच्या भाषेसाठी झाले. आज फलक, अर्ज आणि उतारा ही तिन्ही कामे संकेतस्थळांकडे गेली आहेत. म्हणून संकेतस्थळ कसे बांधले जाते, हा प्रश्न आता भाषेच्या चळवळीचाही आहे.

संगणकावर देवनागरीची पहिली अडचण सांकेतीकरणाची होती. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ साली आला, इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढील कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांतच टंकला जात राहिला. तो विशिष्ट फाँट वाचकाच्या संगणकात नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटत. कागदावर तो मजकूर मराठी दिसे. यंत्राच्या लेखी तो मराठी नव्हताच. त्यामुळे तो शोधात सापडत नसे, आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातून काही अर्थ लागत नसे.

युनिकोडने ही भिंत पाडली. पण तिच्या जागी आपणच दुसरी उभारतो आहोत. आपल्या कित्येक संस्था सूचना, निकाल आणि वर्गणीचे आवाहन कागदावर छापतात, त्याचे छायाचित्र काढतात आणि ते संकेतस्थळावर चढवतात. डोळसाला त्यात मराठी दिसते. अंध विद्यार्थ्याला तेथे काहीच नसते. मोबाइलवर अक्षर मोठे करू पाहणाऱ्या वृद्धाच्या वाट्याला धूसर डाग येतात.

उपाय अवघड नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये असावा आणि चित्राला शब्दांत वर्णन जोडावे. पानाची भाषा मराठी आहे, हे पानाच्या संकेतावलीतच नोंदवावे. तसे न केल्यास वाचक-यंत्र हिंदी वा इंग्रजी उच्चार लावते आणि 'चमचा' या शब्दातील च बिघडतो. त्याच नोंदीमुळे काही फाँटांत ल आणि श यांची मराठी वळणेही उमटतात. ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, कारण आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली जातो. इंग्रजी सजावटीच्या नकलेने अक्षरे सुटी करू नयेत, शिरोरेषा तुटते. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे भिन्न शब्द आहेत आणि त्यांतील दुसरा दोन रीतींनी टंकता येतो. म्हणून शोधाच्या सोयीत दोन्ही रीती ओळखल्या जाव्यात. अर्ज माउसविना, केवळ कळफलकाने भरता यावा. यांतील बहुतेक तत्त्वे जागतिक वेब संघटनेने १९९९ सालच्या पहिल्या सुगम्यता-मार्गदर्शिकेपासून मांडत आणली आहेत. देवनागरीच्या बारकाव्यांची भर आपणच घालावयाची आहे.

कायदाही मागे नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान नियम केवळ शिफारशीवजा असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. त्या प्रकरणात न्यायालयापुढे आलेला अभ्यास हैदराबादच्याच नाल्सार विधी विद्यापीठातील अपंगत्व-अध्ययन केंद्राचा होता. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचे अंग मानले गेले.

परंतु सीमाभागासाठी सर्वांत अर्थपूर्ण तरतूद आम्हांस २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दिसते. आपली माहिती घेताना संमती मागणारी सूचना इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे तो कायदा सांगतो. न समजलेल्या भाषेत 'मान्य आहे' वर बोट टेकवणे ही संमती नव्हे, हे नीतितत्त्व येथे कायद्याच्या शब्दांत उतरले. आणि या हक्काला राज्याची हद्द नाही. जामबागेतील, बेळगावातील वा बिदरमधील मराठी माणसासाठी तो सारखाच आहे. १९५६ साली भूमीशी बांधला गेलेला भाषेचा हक्क, निदान या एका बाबतीत, माणसाबरोबर चालू लागला आहे.

हक्क कागदावर राहू नये, यासाठी दोन कामे आपल्या हातची आहेत. संमती मागणाऱ्या प्रत्येक सेवेकडे मराठी सूचनेची लेखी मागणी करावी. आणि त्याआधी आपल्या मंडळाचे, शाळेचे, वाचनालयाचे संकेतस्थळ डोळे मिटून, केवळ यंत्राच्या आवाजावर, एकदा ऐकून पाहावे. जेथे आवाज थांबेल, तेथे आपलाच कोणी बांधव दाराबाहेर उभा आहे असे समजावे.