मोठ्या विद्यापीठांची दारं



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा शाळेच्या आठवणीच लिहायच्या ठरवल्या होत्या. पण मागच्या दिवाळीत मेडशीला आले असताना आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीकडे गेले. तिच्या बारावीतल्या धाकट्या मुलीने विचारलं, "मावशी, हार्वर्ड अवघड की आयआयटी? जगात सगळ्यात भारी कोणतं?" मी इंजिनिअर, लगेच आकडे सांगायला लागले. सोयाबीनचं पोतं शिवता शिवता मैत्रीण म्हणाली, "भारी कोणतं ते मंग सांगजो, फॉरम कधी भरा लागते ते सांग पयले."

मुलीच्या आणि तिच्या आईच्या, अशा दोन्ही प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता हा लेख झाला.

आधी आकडे. हार्वर्डमध्ये अलीकडे शंभर अर्जांमागे चारच्या आसपासच प्रवेश मिळतात. आपल्याकडे १२ लाखांहून जास्त मुलं जेईई मेनला बसतात आणि २३ आयआयटींत मिळून जागा आहेत सुमारे १८ हजार. म्हणजे शंभरात एक-दीड. मग आयआयटी जास्त अवघड? तसं म्हणता येत नाही. एका ठिकाणी परीक्षेला बसलेली मुलं मोजली आहेत, दुसऱ्या ठिकाणी निबंध, शिफारसपत्रं आणि शाळेची चार वर्षांची प्रगती जोडून केलेले अर्ज. ज्यांची तुलना करायची ते छेदच वेगळे आहेत. अपूर्णांकांची बेरीज करताना "आधी छेद समान करा" असं आपले सर फळ्यावर खडू आपटून सांगायचे, ते इथेही लागू आहे.

शिवाय हा आकडा बदलतो. १९४० च्या सुमारास हार्वर्डला अर्ज करणाऱ्या बहुतेक मुलांना प्रवेश मिळत असे, कारण अर्ज करणारे ठरावीक शाळांतले, ठरावीक घरांतलेच असत. दार उघडं दिसत होतं, पण तिथपर्यंतचा रस्ताच थोड्यांसाठी होता. पुढे अर्ज वाढले, जागा त्या मानाने वाढल्या नाहीत आणि टक्का खाली आला. याउलट झुरिकचं ईटीएच घ्या. जगातल्या पहिल्या रांगेतली ही संस्था, पण स्वित्झर्लंडमधली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाला बहुतेक शाखांत प्रवेशपरीक्षा न देता घेते. गाळणी लागते ती आत गेल्यावर, पहिल्या वर्षाच्या परीक्षेत. आज वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या जागतिक क्रमवाऱ्याही फार जुन्या नाहीत. शांघायची यादी २००३ साली आली आणि ती नोबेल विजेते व शोधनिबंध मोजते. प्रवेश किती अवघड, हे ती मोजतच नाही.

मग प्रतिष्ठा येते कुठून? आपल्याच राज्याचा इतिहास पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या आणि शिकवायचं कॉलेजांनी. पहिली मॅट्रिक १८५९ ची, बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची. त्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठ तेव्हा पाच वर्षांचं होतं, त्याला नाव कुठलं असणार? या माणसांनी पुढे जे काम केलं, त्यातून ते मिळालं.

पण दारावर कोणाला अडवलं, हाही इतिहासच आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. इंग्लंडची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनी त्यांची होती, पण स्त्री म्हणून नाकारली गेली. वर्गणीतून त्या १८८९ साली ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी! केंब्रिजचंही तेच. आपले रँग्लर परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डी गावचे, १८९९ साली तिथे गणितात सीनियर रँग्लर झाले आणि सगळा महाराष्ट्र आनंदला. त्याच परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीने पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही जास्त गुण मिळवले होते. तिला पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवीचा हक्क दिला तो १९४८ साली.

आणि हे फक्त विलायतेत नाही. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून नकार आला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर पारखून मग ठरवू या अटीवर घेतलं. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. लंडनचा अभ्यास शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट सोडावा लागला, १९२० ला पुन्हा जाऊन १९२३ साली डी.एस्सी. पूर्ण केली. न्यूयॉर्कचं दार त्यांना अवघड गेलं नाही. अवघड होती ती आपल्याकडची शाळा, जिथे त्यांना वर्गात वेगळं बसवलं जाई.

आपल्या वऱ्हाडातले डॉ. पंजाबराव देशमुख पापळचे, शेतकऱ्याच्या घरातले. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकून परत आले आणि १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. स्वतःला मिळालेलं दार त्यांनी गावाकडे आणून लावलं, असं मला वाटतं. पुढे १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, म्हणून माझ्यासारख्या मुलीचं काम नागपूरला न जाता भागलं.

आता आपलं. आपण दहावीत होतो तेव्हा वाशिम जिल्हाही झाला नव्हता, तो १९९८ चा. आपलं मोठं शहर अकोला, आणि तिथे जायचं तर पातूरचा घाट उतरून एसटीने. आयआयटीला वेगळी प्रवेशपरीक्षा असते, हे मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलमधल्या मुलीकडून कळलं. मी त्या परीक्षेत नापास झाले नाही. मी त्या छेदात नव्हतेच.

आणि ती मैत्रीण? गणितात ती माझ्या पुढे होती, हे वर्गातल्या सगळ्यांना आठवत असेल. सर उदाहरण लिहून होण्याआधी तिचं उत्तर तयार असे. दहावीला तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. माझ्या वडिलांनी मला अकोल्याला खोली करून दिली, तिचं लग्न ठरलं. कोणत्याही विद्यापीठाने तिला नाकारलं नाही. तिचा अर्ज कुठे गेलाच नाही. अशी मुलं कुठल्याच टक्केवारीत येत नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही तिघींनी तिच्याच मोबाईलवर जेईई आणि सीईटीच्या तारखा शोधल्या आणि शाळेच्या जुन्या वहीच्या पाठपोट कागदावर लिहून भिंतीला लावल्या. लेकीला कुठे प्रवेश मिळेल ते तिच्या अभ्यासावर. अर्ज मात्र वेळेत जाईल.

माझी विनंती एवढीच आहे. मेळाव्याला जमू तेव्हा दहावी-बारावीच्या मुलांसाठी असाच एक कागद शाळेच्या फलकावर लावू. कोणत्या परीक्षा, फॉर्म कधी, फी किती, कोणती शिष्यवृत्ती आणि आपल्यापैकी कोणाला फोन करायचा. दरवर्षी जूनमध्ये तो नवा करायचं काम मी घेते. सोबत कोण येतंय, ते मेळाव्यात सांगा.