मागचा लाल दिवा

गाडीच्या सगळ्या दिव्यांत सर्वांत दुर्लक्षित कोण असेल, तर तो मागचा लाल दिवा. हेडलाइट गेला की चालकाला लगेच कळतं, कारण समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. मागचा गेला तर चालकाचं काही अडत नाही. अडतं ते मागून येणाऱ्याचं, आणि त्याला ते कळेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आमचं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. दसरा-दिवाळी झाली की इकडची गावं ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरायचा (भांडी, सरपण, शेळ्या, पोरं, म्हातारी माणसं सगळं त्यात आलं) आणि सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकाचा रस्ता धरायचा. बरेचदा हा प्रवास रात्रीचा. म्हणून मागच्या दिव्याची गोष्ट आम्हा बीडकरांसाठी नुसती मेकॅनिकच्या कामाची नाही.

जुन्या काळी रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असायचा. त्याच्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे, पण मागच्या-पुढच्यांना कळे की इथे गाडी आहे. मोटारी आल्या तेव्हा त्यांचे दिवेही आधी तेलाचे आणि कार्बाइडच्या गॅसचेच होते. 1912 साली कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि मग हळूहळू सगळ्यांनीच तो मार्ग धरला. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली. शेजारच्या मुंबई राज्यात पहिली एसटी 1 जून 1948 ला अहमदनगरहून पुण्याला धावली. खेड्यापाड्यांतल्या खडकाळ वाटांवर मात्र खरं राज्य केलं ते जीपने. महिंद्रने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे 'जीप' हा मराठी शब्दच होऊन बसला.

या जुन्या गाड्यांच्या विजेत एक मजा आहे. घरातल्या दिव्याला दोन वायरी लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. गाडीत वायर वाचवण्यासाठी एकच टाकतात. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत 'अर्थ' किंवा 'बॉडी'. गाडी नवी असते तोवर हे झकास चालतं. मग पाऊस, चिखल, गंज, रंगाचे थर येतात आणि परतीची वाट बुजत जाते.

महायुद्धातली विलीज तर 6 व्होल्टची होती. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागायचा, म्हणजे त्याच गंजलेल्या जोडात वाया जाणारा हिस्सा चौपट! त्यात डायनामो. इंजिन जोरात फिरेल तेव्हाच तो नीट चार्जिंग करणार. गाडी मंद चालली की दिवे पिवळे. अमेरिकेत 1960 पासून क्रायस्लरने गाड्यांना अल्टरनेटर दिला आणि हे दुखणं कमी होऊ लागलं, पण आपल्याकडे डायनामो पुढेही बरीच वर्षं टिकला. बल्बचा स्वभावही नाजूक असतो. 12 व्होल्टच्या जागी 10 मिळाले तर उजेड एक षष्ठांशाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने कमी होतो.

आमच्या मामांकडे एक जुनी जीप होती. तिचं एक कोडं मला अजून आठवतं. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा विझायचा आणि इंडिकेटर मिणमिणायचा. बघणारा प्रत्येकजण म्हणायचा, "वायर शॉर्ट झालीय, सगळं वायरिंग बदला." मामा काही बदलायला तयार नव्हते. "शॉर्ट असता तर फ्यूज उडाला असता," म्हणाले. "करंटला जायला वाट हाय, माघारी यायला नाही."

त्यांनी एका बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प केला. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी मागच्या दिव्याच्या पत्र्याला. बल्ब पेटला नाही, म्हणजे त्या पत्र्याला अर्थच नव्हता. मग एक लांब वायर घेऊन तो पत्रा थेट बॅटरीच्या मायनसला जोडला, आणि दिवा लखलखीत! आपली वाट बंद म्हणून ब्रेकचा करंट शेजारच्या इंडिकेटरच्या तारेतून वाट काढत होता, तेवढंच. पत्रा आणि बोल्ट पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, आवळला, वरून ग्रीस लावलं. फक्त पॉलिश पेपरचा खर्च!

ट्रॉलीचं दुखणं हेच, फक्त मोठं. ट्रॉलीला वीज मिळते ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटमधून. त्यात अर्थची वायर नसली, तुटली किंवा निघाली, तर करंटने परत यायचं कुठून? हुकाच्या पिनेतून. म्हणजे ग्रीस, माती आणि गंज यांच्यातून, तेही प्रत्येक हादऱ्याला तुटत-जुळत. उसाच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, म्हणजे दोन पिना. शेवटच्या ट्रॉलीचा दिवा, जो सगळ्यात जास्त गरजेचा, त्यालाच सगळ्यात कमी वीज पोचते. शिवाय आज ही ट्रॉली या ट्रॅक्टरला, उद्या त्या. वायर लोंबते, घासते, तुटते आणि मग कोणी जोडतच नाही.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे असं आहे. ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्या गाडीला हे अंतर कापायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात माणूस सावरतो, वेग कमी करतो, बाजूने जातो. दिवा नसेल तर ट्रॉली दिसते ती स्वतःच्या हेडलाइटच्या उजेडात, अगदी जवळ आल्यावर. उभ्या किंवा सावकाश चाललेल्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळल्याची बातमी दर हंगामात कुठून ना कुठून येतेच. मागच्या ट्रॉलीत ऊस असेल, नाहीतर माणसं.

आता हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. त्या हव्यातच, रिफ्लेक्टरला वायर लागत नाही. पण त्यावर चिखल बसला की तोही आंधळा, आणि समोरून उजेड पडल्याशिवाय तो काही सांगत नाही. दिव्याची जागा तो घेऊ शकत नाही.

गावाकडच्या आमच्या भाऊबंदांसाठी एवढंच लिहितो. बॅटरीच्या मायनसपासून शेवटच्या ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत अर्थची एक स्वतंत्र वायर ओढून घ्या, हुकावर भरवसा नको. सॉकेटच्या पिना वर्षातून एकदा घासा. निघण्याआधी एकाला ब्रेकवर बसवा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून तिन्ही दिवे बघा: लाल, ब्रेक, इंडिकेटर. आणि एक दिवा लावला की दुसरा मिणमिणतो असं दिसलं, तर नवा बल्ब आणायच्या आधी अर्थ तपासा.