कारखान्याची खबर घरोघरी

आपल्या मंडळाचे मासिक पत्र हल्ली ई-मेलने जाते. यादीत नावे पुष्कळ, वाचणाऱ्या मोजक्याच. ‘ते बंदच करावे,’ अशी सूचना गेल्या सभेत आली, तेव्हा मला किर्लोस्करवाडी आठवली.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील ओसाड माळावर कारखाना आणला. लोखंडी नांगराने त्याचे नाव झाले. १९२० साली त्यांचे पुतणे, चित्रकार शंकरराव, यांनी तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटेखानी पत्र सुरू केले. पत्र कारखान्याचे खरे. पण नुसत्या नांगराच्या वार्ता महिनोन्महिने कोण वाचणार? शंकररावांनी त्यात उद्योगाबरोबर समाजसुधारणा, विज्ञान व साहित्य यांना जागा दिली. पाहता पाहता खबरेचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० च्या ऑगस्टात खास भगिनींसाठी ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली तरुणांसाठी ‘मनोहर’. आडवळणाच्या वाडीतून ही मासिके मराठी घराघरांत पोचली. मला वाटते, कारखान्याने स्वतःविषयी कमी बोलून वाचकांच्या मनातले प्रश्न हाती घेतले, यातच त्याचे मर्म आहे.

आणि आपले पत्र? सभेचा वृत्तांत, वर्गणीची आठवण, हळदीकुंकवाची तारीख! वाशी-नेरूळच्या भगिनींनी त्यात वाचावे तरी काय? पत्र मीच लिहिते. तेव्हा दोष माझाच.

भगिनींनो, पुढील अंकासाठी प्रत्येकीने आपल्या मनातला एक प्रश्न मला लिहून पाठवावा. पत्र बंद करायचे की नाही, ते मग ठरवू.