विरळ हवा, दाट रक्त

लांब पल्ल्याचे धावपटू मोठ्या स्पर्धेआधी तीन-चार आठवडे डोंगरावर मुक्काम ठोकतात. कुणी घरातच प्लास्टिकचा तंबू लावून त्यात झोपतो आणि एक यंत्र रात्रभर त्या तंबूतला ऑक्सिजन कमी करत राहतं. हा उद्योग एखाद्या हिकमती प्रशिक्षकाच्या डोक्यातून निघाला असेल असंच कुणालाही वाटेल. पण त्याचं मूळ एका डॉक्टरच्या दवाखान्यात आहे, आणि त्या दवाखान्यात येणारी माणसं धावपटू नव्हती, आजारी होती.

देनी जुर्दाने हा फ्रेंच डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बरीच वर्षं मेक्सिकोत राहिला. तिथल्या पठारावरच्या रोग्यांनी त्याला कोड्यात टाकलं. चक्कर, धाप, थकवा, छातीत धडधड ही सगळी लक्षणं रक्तक्षयाची होती, पण रक्त काढावं तर ते पातळ नव्हतंच, उलट दाट आणि काळपट होतं. त्यावर जुर्दानेनं तर्क केला की रक्त कमी असणं आणि रक्तात ऑक्सिजन कमी असणं, दोहोंचा शरीरावरचा परिणाम एकच. १८६३ मध्ये त्यानं 'उंचीवरचा रक्तक्षय' याच विषयावर पुस्तक लिहिलं. माझ्या मते डोंगर आणि तंबूच्या या कुळाचा मूळपुरुष तोच.

त्याच्याकडे पैसाही होता. तो त्यानं पॅरिसमध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेसाठी दिला. बेरनं हवेचा दाब कमी-जास्त करता येईल अशी लोखंडी कोठी उभारली, प्राणी आत ठेवले, शेवटी स्वतःही जाऊन बसला. दाब उतरला की मळमळ आणि गुंगी यायची, नळीतून ऑक्सिजन ओढला की ती जायची. डोंगरावरच्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं. घटतो तो दाब, आणि त्यामुळे फुप्फुसातून रक्तात उतरणारा ऑक्सिजन कमी पडतो. १८७८ च्या ग्रंथात बेरनं हे पक्कं केलं. त्याआधी १८७५ मध्ये 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच आठ हजार मीटरच्या वर गेले होते. सोबत ऑक्सिजन होता, पण तो तोंडाशी नेण्याचीही शक्ती उरली नाही. दोघे वरच मेले.

मग १८९० च्या सुमारास व्हिओ नावाचा आणखी एक फ्रेंच पेरूला गेला. त्यानं समुद्रकाठच्या लिमात स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजल्या, त्या घनमिलिमीटरला ५० लाख भरल्या. मग साडेचार हजार मीटरवरच्या मोरोकोचा या खाणगावात मुक्काम केला. तीनेक आठवड्यांत आकडा ८० लाखांच्या आसपास पोचला. आज आपल्याला माहीत आहे की यातली बरीचशी वाढ फसवी होती. उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत रक्तातलं पाणीच घटतं, त्यामुळे पेशी न वाढताही मोजदाद वाढलेली दिसते. नव्या पेशी तयार व्हायला आठवडे लागतात. तरी शरीर विरळ हवेला रक्त वाढवून उत्तर देतं, ही मूळ गोष्ट त्यानं बरोबर हेरली.

खेळाला हे सगळं कळायला आणखी सत्तरेक वर्षं गेली, तीही नाइलाजानं. १९६३ मध्ये ऑलिंपिक समितीनं १९६८ चे खेळ मेक्सिको सिटीला दिले. शहराची उंची २२४० मीटर, म्हणजे जुर्दानेच्याच पठारावर. ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव भागानं कमी. धावपळ सुरू झाली. फ्रान्सनं पिरेनीज पर्वतात फॉन्ट-रोमू इथं सराव केंद्र काढलं, अमेरिकेनं निवड चाचण्या एको समिटच्या डोंगरात घेतल्या. प्रत्यक्ष खेळांत उड्या आणि छोट्या शर्यतींना पातळ हवेचा फायदाच झाला, बॉब बीमननं ८.९० मीटर उडी मारली. लांब पल्ल्याचं मात्र भलतंच झालं. दहा हजार मीटरचा विश्वविक्रम ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर होता, २७ मिनिटं ३९.४ सेकंद. मेक्सिकोत केनियाच्या नफ्ताली तेमूनं ही शर्यत जिंकली ती २९ मिनिटं २७.४ सेकंदांत, आणि क्लार्क सहावा येऊन रेषेपलीकडे कोसळला.

त्यातून जगानं सोपा निष्कर्ष काढला: डोंगराळ भागातले जिंकतात, तर चला डोंगरावर. पुढची वीस-पंचवीस वर्षं खेळाडू चढत राहिले आणि निकाल उलटसुलट येत राहिले. कारण साधंच होतं. उंचीवर रक्त वाढतं, पण तिथं जोरात पळताच येत नाही. वेग उतरतो, पायांना हवा तेवढा ताण मिळत नाही, आणि रक्तात मिळवलेलं पायांत गमावलं जातं. ही गाठ १९९७ मध्ये बेंजामिन लेव्हाइन आणि जेम्स स्ट्रे-गुंडरसन यांनी सोडवली. त्यांनी ३९ धावपटूंचे तीन गट केले. उंचीवर राहणाऱ्या दोन्ही गटांचं तांबडं रक्त सुमारे नऊ टक्क्यांनी वाढलं, पण पाच हजार मीटरची वेळ सुधारली ती फक्त २५०० मीटरवर झोपून पळायला १२५० मीटरवर उतरणाऱ्यांची. सुमारे तेरा सेकंदांनी. वर राहा, खाली पळा. रोज डोंगर उतरणं कुणाला परवडणार, म्हणून तंबू आला.

या कुळाची दुसरी शाखा थोडी बदनाम आहे. रक्त वाढवण्याचा निरोप शरीरात कोण देतं, याचा शोध १९०६ मध्ये पॅरिसमध्येच सुरू झाला. कार्नो आणि त्याची सहकारी देफ्लांद्र यांनी रक्तस्राव केलेल्या सशाचा सीरम धडधाकट सशाला टोचला होता. तो निरोप्या, एरिथ्रोपोइटिन, शुद्ध रूपात हाती आला १९७७ मध्ये, गंभीर रक्तक्षयाच्या जपानी रोग्यांच्या २५५० लिटर लघवीतून. १९८९ मध्ये तो मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी औषध म्हणून आला आणि लगेच सायकलपटूंच्या सुईत शिरला. १९९० मध्ये ऑलिंपिक समितीनं बंदी घातली, तपासणीची पद्धत यायला मात्र सिडनी २००० उजाडलं. तंबू आणि सुई एकाच निरोप्याला हाक मारतात, मग एक चालतं आणि दुसरं का नाही? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २००६ मध्ये तंबूवर बंदीचा विचार केला आणि सोडून दिला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. तंबूत कुठं थांबायचं ते शरीर ठरवतं, सुईत ते टोचणारा ठरवतो, आणि रक्त फार दाट झालं की हृदयालाच ते ढकलणं जड जातं.

आपल्याकडे हिमाचलात शिलारू आणि तमिळनाडूत उटी इथं उंचीवरची शिबिरं होतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला सराव करत आला आहे. तो सैन्यात सियाचिनला होता, म्हणून त्याचा दमसास असा, हे वाक्य हौसेनं सांगितलं जातं. ऐकायला छान आहे, पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवसच जगते आणि उंचीवर मिळवलेलं रक्त खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतं. वर्षांपूर्वीचं सियाचिन स्टीपलचेसमध्ये कामाला येत नाही. कामाला येतं ते सध्याचं लोह.

कारण नवं रक्त लोहाशिवाय बनत नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ज्या धावपटूंचं कमी होतं, त्यांचं रक्त उंचीवर राहूनही वाढलं नाही, हे स्ट्रे-गुंडरसन यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं. मुलींच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे. पाळीत लोह जातं, घामातून थोडं जातं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन रिकामं असू शकतं, त्यामुळे बोटाला टोचून घेतलेल्या एका थेंबावर विसंबता येत नाही. म्हणून शिबिराच्या काही आठवडे आधी फेरिटिन बघतात आणि कमी असेल तर गोळ्या सुरू करतात. व्यायामानंतर तीन ते सहा तास लोहाचं शोषण अडवणारं हेप्सिडिन चढलेलं असतं, त्यामुळे गोळी पहाटे सरावाआधी किंवा सराव संपल्या संपल्या घ्यावी लागते. ती लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. चहा तासभर तरी लांब ठेवायचा.